कंपोज फाईल हलवली आणि आंब्याच्या ऑर्डरी दिसेनात

देवगडला काकांच्या हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घ्यायला मी एक छोटं वेब अॅप केलंय, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, सगळं डॉकरमध्ये (अॅप लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), चालतं घरातल्याच मशीनवर. रेपोच्या रूटला, म्हणजे कोडच्या मुख्य फोल्डरात, फाईलींचा पसारा झाला होता, तीन डॉकरफायली (इमेज म्हणजे अॅपचा तयार साचा, तो बांधायच्या कृती), काय काय एकत्र चालवायचं ते सांगणारी कंपोज, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कॉन्फिग, पासवर्ड वगैरे ठेवायची डॉट एन्व्ह, एक शोधायला गेलं की दुसरीच हाताला लागायची. म्हटलं 'डॉकर' नावाचं फोल्डर करू आणि सगळं आत टाकू. बिल्डचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे इमेज बांधताना डॉकरला दिसणारं फोल्डर, दोन ठिपके देऊन वर नेला, डॉकरफायलींचे पाथ बदलले, अप केलं, अॅप झटकन सुरू. आणि ऑर्डरींचं पान कोरं!

ऐन एप्रिल. काका पडवीत पेटीत गवत भरत बसलेले, तिथून विचारतायत "पुण्याचे किती झाले रे?" आणि इकडे स्क्रीनवर एकही ऑर्डर नाही. पोटात गोळाच आला.

डेटा गेला नव्हता. आपण नाव दिलं नसेल तर कंपोज प्रोजेक्टचं नाव फाईल ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावरून घेतं आणि तेच नाव व्हॉल्यूमच्या (डेटाबेसचा डेटा जिथे साठतो ती जागा) नावाआधी चिकटवतं. आधी फोल्डर 'आंबा' होतं म्हणून व्हॉल्यूम 'आंबा_डेटा', आता फोल्डर 'डॉकर' झालं म्हणून त्याने गुपचूप 'डॉकर_डेटा' असा नवाकोरा रिकामा व्हॉल्यूम केला. व्हॉल्यूमची यादी दाखवणारं 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' मारल्यावर दोन्ही शेजारी शेजारी दिसले तेव्हा कुठे जीवात जीव आला. कंपोज फाईलमध्ये सगळ्यात वर 'नेम: आंबा' ही एक ओळ टाकली, परत अप केलं, ऑर्डरी हजर. असं झालं तर घाबरून सगळं बंद करणाऱ्या 'डाउन'ला 'हायफन व्ही' अजिबात लावू नका, तो त्या प्रोजेक्टचे व्हॉल्यूमच पुसून टाकतो.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट सापडली आणि ती मला जास्त गंभीर वाटते. इमेजमध्ये काय घ्यायचं नाही ते सांगणारी डॉट डॉकरइग्नोर पण मी आत हलवली होती, पण ती वाचली जाते कॉन्टेक्स्टच्या रूटवरून, त्यामुळे डॉकरफाईलमधल्या, सगळं उचलणाऱ्या 'कॉपी ठिपका ठिपका'ने डेटाबेसच्या पासवर्डसकट डॉट एन्व्ह इमेजमध्ये गेली. इमेज एकावर एक थरांची, म्हणजे लेयरची, असते, पुढच्या लेयरला डिलीट करून उपयोग नसतो, आधीच्या लेयरमध्ये ती राहतेच. पासवर्ड बदलला, इमेज नव्याने बांधली.

आता कंपोज, डॉट एन्व्ह आणि डॉकरइग्नोर रूटलाच, आत फक्त डॉकरफायली आणि एनजिनएक्स. डॉकरफाईलमध्ये आधी पॅकेजच्या दोन जेसन फाईली कॉपी करून पॅकेजं उतरवणारं एनपीएम सीआय, मग बाकीचा कोड, नाहीतर एक ओळ बदलली तरी सगळी पॅकेजं परत उतरवत बसतं आणि आमच्याकडे नेट म्हणजे पडवीच्या कोपऱ्यात फोन ठेवून येते तेवढी रेंज. खरी डॉट एन्व्ह गिटमध्ये जात नाही, तिच्याशेजारी नुसती नावं लिहिलेली 'एन्व्ह डॉट एक्झाम्पल' जाते. मी मुंबईला असताना चुलत भावाने त्यावरूनच त्याच्या लॅपटॉपवर अॅप उभं केलं, एक फोनसुद्धा न करता.