लॅट्रंकुलिन आणि कांद्याचा पापुद्रा : माझा एमएस्सीचा प्रकल्प

नाशिकमध्ये एमएस्सी करताना मला पेशीच्या सांगाड्यावरच काम करायचं होतं, पण आमच्या विभागात पेशीतले चमकणारे रंग दाखवणारा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नव्हता. मॅडम म्हणाल्या, "अगं, साध्या मायक्रोस्कोपखाली जे हलताना दिसतं, तेच घे ना." कांद्याच्या पेशीत बारीक कण सतत वाहत असतात. सांगाड्यातल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून मायोसिन हे दुसरं प्रथिन ते ओढून नेतं. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याची काय कमी! तंतू मोडणारं रसायन तेवढं मिळवायचं होतं.

ते रसायन म्हणजे लॅट्रंकुलिन. तांबड्या समुद्रातल्या नेगोम्बाटा मॅग्निफिका या स्पंज प्राण्यात ते असतं. स्पंज पिळला की लालसर द्रव सुटतो आणि आसपासचे मासे पळतात. योएल काश्मन यांच्या गटाने त्यातलं विष वेगळं काढलं. 1983 मध्ये इलान स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींवर दाखवलं की त्याने ॲक्टिनच्या तंतूंची रचना विस्कटते. मला सगळ्यात भावलं ते त्याचं काम करण्याचं तंत्र. ते तंतू कापत बसत नाही. तंतूला टोकांशी सुटे ॲक्टिन रेणू जोडले जातात आणि सुटतातही. लॅट्रंकुलिन एकेका सुट्या रेणूला चिकटतं, मग तो रेणू जोडला जात नाही. सुटणं चालूच राहतं, तंतू विरत जातो.

कोटेशन, मंजुरी यांत बराच वेळ गेला. कुपी आली ती भर उन्हाळ्यात, बर्फाच्या पिशव्यांसह. त्यात लॅट्रंकुलिनचा 'बी' प्रकार, 100 मायक्रोग्रॅम. तळाशी काही आहे असं दिसतसुद्धा नाही, म्हणून झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्यावी. रेणूभार 395.5, म्हणजे 253 मायक्रोलिटर डीएमएसओ हा विरघळवणारा द्रव घातला की 1 मिलिमोलर द्रावण होतं. त्याचे छोटे वाटे करून उणे 20 अंशांवर ठेवले. हातमोजे हवेतच, कारण डीएमएसओ कातडीतून आत शिरतं आणि विरघळलेलं विषही सोबत नेऊ शकतं.

कांद्याच्या पाकळीचा आतला, बिनरंगाचा पापुद्रा घेतला. सोलताना पेशींना धक्का बसतो, म्हणून आधी तो पाण्यात निवांत ठेवला. प्रवाह नीट सुरू झाल्यावरच प्रयोगाला हात लावला. एका पापुद्र्याला 5 मायक्रोमोलर लॅट्रंकुलिन, दुसऱ्याला नुसतं 0.5 टक्के डीएमएसओ. हा दुसरा पापुद्रा कुणीही गाळू नये. तो नसेल तर प्रवाह विषाने थांबला की डीएमएसओने, हे कशावरून सांगणार? नुसत्या डीएमएसओतले कण वाहत राहिले. लॅट्रंकुलिनमधल्यांचा वेग हळूहळू उतरला, मग ते जागच्या जागी थरथरत राहिले. ती थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांची, मायोसिनची नव्हे. मोबाइलवर चित्रण करून एकेका कणाचं अंतर मोजल्याशिवाय मी 'थांबला' असं लिहिलं नाही.

"पण पेशी मेल्या नाहीत कशावरून?" मॅडमनी विचारलं. मी पापुद्रे ताज्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन ठेवून दिले. सगळ्या पेशींत नाही, पण बऱ्याच पेशींत कण परत वाहू लागले. मेलेल्या पेशीत असं होत नाही. प्रबंधात हा धुण्याचा भाग मी पुरवणीत ढकलला नाही, निष्कर्षांत सगळ्यात वर ठेवला.