गोवर: पुरळ दिसण्याआधीचे चौदा दिवस

"बाळाच्या अंगावर गोवर उठला" असं घरात म्हटलं जातं तेव्हा आजार आज सुरू झाला, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तोवर विषाणू शरीरात शिरून साधारण दोन आठवडे झालेले असतात. शिवाय गेले चार दिवस ते मूल शेजारच्या, अंगणवाडीतल्या आणि दवाखान्यातल्या मुलांना गोवर देत असतं. गोवराची साथ हाताबाहेर जाते ती या चार दिवसांमुळे, म्हणून आधी हे चौदा दिवस तारखांनिशी बघू.

समजा, १ जानेवारीला लस न घेतलेली दीड वर्षाची मुलगी आईबरोबर दवाखान्यात गेली. तासाभरापूर्वी तिथे गोवराचं एक मूल खोकून निघून गेलं होतं. बंद खोलीत त्याच्या खोकल्यातले बारीक कण दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. त्यामुळे ही दोन मुलं एकमेकांना दिसलीसुद्धा नसतील, तरी मुलीच्या श्वासाबरोबर विषाणू आत गेला.

सर्दीचा विषाणू नाका-घशाच्या अस्तरात घुसतो आणि तिथेच वाढतो. गोवराच्या विषाणूला त्या अस्तराला वरून पकडच मिळत नाही. तो शोधतो फुप्फुसात पहारा देणाऱ्या प्रतिकारपेशी. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१५० नावाचं प्रथिन असतं, आणि विषाणूची किल्ली त्याच कुलपात बसते. जपानी संशोधकांनी २००० साली हे दाखवून दिलं. बाहेरून आलेलं काहीही उचलायचं आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवायचं, हे या पेशींचं काम. त्या ते इमानानं करतात आणि विषाणूला स्वतःच ग्रंथीत नेऊन सोडतात. तिथे जंतूंशी लढणाऱ्या बी आणि टी या पांढऱ्या पेशींची दाटी असते आणि त्यांच्यातल्या अनेकींवर हेच कुलूप असतं.

पहिले दोन-तीन दिवस विषाणू ग्रंथीतच वाढतो. ५ ते ७ जानेवारीच्या सुमारास तो पांढऱ्या पेशींवर स्वार होऊन रक्तात उतरतो. तिथून प्लीहा, टॉन्सिल, थायमस, आतड्यालगतच्या ग्रंथी आणि त्वचेपर्यंत पोहोचतो. या सगळ्या काळात मुलगी खेळते, जेवते, रात्री नीट झोपते. बघून काही कळण्याची सोय नसते.

यानंतर विषाणू बाहेर पडायची वाट धरतो. श्वासमार्गाच्या अस्तरपेशींवर नेक्टिन-४ नावाचं दुसरं कुलूप आहे, पण ते हवेच्या बाजूला नसून आतल्या, रक्ताच्या बाजूला आहे. २०११ साली ते सापडलं आणि विषाणूच्या प्रवासाचा उलगडा झाला. विषाणू फुप्फुसातून शिरतो, सगळं शरीर फिरतो, अस्तरपेशींना मागच्या दारानं गाठतो आणि पुढच्या दारानं थेट श्वासनलिकेत उतरतो. त्याच सुमारास अस्तराला सूज येऊन खोकला सुरू होतो. सुटण्याची जागा आणि फेकला जाण्याचा जोर ही दोन्ही एकत्र आल्यावर विषाणू हवेतून इतक्या सहज का पसरतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

११ जानेवारीला ताप येतो. सोबत कोरडा खोकला, वाहणारं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. उजेड सहन होत नाही म्हणून मूल तोंड आईच्या पदरात लपवतं. ताप रोज थोडा चढत ३९ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. या टप्प्यावर बहुतेकांना सर्दी-तापाचं औषध मिळतं आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही, कारण दिसतं तसंच. पण एक जागा बघण्यासारखी असते. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लालसर अस्तरावर रव्याच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. ते कॉप्लिकचे ठिपके. १८९६ साली त्यांचं वर्णन झालं. ते दुसऱ्या कुठल्या आजारात सहसा दिसत नाहीत आणि पुरळ आल्यावर लवकरच नाहीसे होतात. साथीच्या दिवसांत ताप, खोकला आणि लाल डोळे असलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडात बॅटरी मारून बघायला अर्धं मिनिट लागतं. ठिपके नाहीत म्हणून गोवर नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

१५ जानेवारीला पुरळ उठतं. कानामागे आणि केसांच्या कडेला सुरुवात, मग चेहरा, मान, छाती, पोट आणि तिसऱ्या दिवशी पाय. उतरतंही त्याच क्रमानं. मागे तपकिरी डाग राहतात आणि कोंड्यासारखी बारीक साल निघते. कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड गोवरात नसतात. घामोळ्यांना इतका ताप आणि खोकला नसतो.

पुरळ म्हणजे त्वचेत लपलेल्या विषाणूवर शरीराच्या टी पेशींनी चढवलेला हल्ला. म्हणजे ती एका अर्थी बरी खूण आहे. आपल्याकडे जुन्या बायका "गोवर अंगात जिरता कामा नये, बाहेर पडला पाहिजे" असं म्हणत आल्या आहेत. त्यांच्या निरीक्षणात तथ्य आहे. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती फारच खचलेली असते, उदाहरणार्थ रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेली, त्यांना पुरळ उठतच नाही आणि विषाणू फुप्फुसात बेलगाम वाढतो. निरीक्षण बरोबर होतं, चूक होते उपायात. पुरळ बाहेर काढायचं म्हणून मुलाला गोधडीत गुंडाळतात, खिडक्या लावतात, आंघोळ थांबवतात, जेवण पातळ करत करत भाताच्या पेजेवर आणतात. कडुनिंबाच्या पाल्यानं काही बिघडत नाही आणि घरात फोडणी बंद ठेवली तरी हरकत नाही. मुलाचं खाणं बंद झालं की मात्र घात होतो.

पुरळ उठल्यावर साधारण चार दिवस मूल संसर्ग देऊ शकतं. म्हणजे ११ ते १९ जानेवारी असे सगळे मिळून नऊ दिवस, आणि त्यातला जवळपास निम्मा काळ "साधी सर्दी" म्हणून गेलेला. त्यामुळे पुरळ बघून मुलाला घरात बसवलं तर निम्मी साखळी आधीच सुटलेली असते. तरी १९ तारखेपर्यंत वेगळं ठेवायचंच. प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं गोवराच्या जवळ आली तर नऊ जणांना तो होतो. ज्या वस्तीत कुणालाच संरक्षण नाही तिथे एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना तो देतो.

यातलं बरंचसं गणित पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरनं १८४६ मध्ये फक्त वही आणि पेन्सिल घेऊन बांधलं होतं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर पासष्ट वर्षांनी गोवर आला आणि पावणेआठ हजारांच्या वस्तीतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. गावोगाव फिरून कोण कुणाला कधी भेटलं याच्या तारखा त्यानं जुळवल्या. संपर्क आणि पुरळ यांत तेरा-चौदा दिवसांचं अंतर पडतं, असं निघालं. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही, हेही त्यानंच नोंदवलं.

हे चौदा दिवसांचं अंतर वस्तीत फसवं ठरतं. एका मुलाला गोवर होतो, दीड आठवडा कुठेच काही नाही, लोकांना वाटतं टळलं. मग एकाच आठवड्यात आठ-दहा मुलांना ताप येतो. शांत आठवडा दिसला की पुढे लाट येणार असं खुशाल धरून चालावं आणि त्याच आठवड्यात घरोघर जाऊन लसीकरणाची कार्डं तपासावीत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, तसंच मालेगाव आणि भिवंडीत साथ भडकली, तेव्हा दाट वस्ती आणि कोविडच्या काळात राहून गेलेले डोस या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

दवाखान्यात जाताना आधी फोन करून पुरळ असल्याचं सांगा. बाकावर इतर बाळांशेजारी न बसता बाहेर, झाडाखाली थांबा. शक्य असेल तर शेवटचा नंबर घ्या. डॉक्टरांनीही त्यानंतर दोन तास त्या खोलीत लहान बाळ घेऊ नये.

गोवरानं मूल दगावतं ते पुरळानं नव्हे. विषाणू प्रतिकारपेशींमध्येच वाढलेला असतो, त्यामुळे त्या कमकुवत होतात आणि दुसरे जंतू आत शिरतात. न्यूमोनिया हे मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण. जुलाब, कान वाहणं हे नेहमीचं. हजारात साधारण एकाला मेंदूला सूज येते. पुरळ उठून चार दिवस झाले तरी ताप उतरत नसेल, किंवा उतरून पुन्हा चढला असेल, तर काहीतरी नवीन घडतंय असं धरावं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणी पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

व्हिटॅमिन ए गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला द्यायचं असतं, अंगानं बरं दिसणाऱ्यालासुद्धा. गोवरात शरीरातला साठा झपाट्यानं संपतो आणि बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, एक वर्षाच्या पुढे २ लाख. एक डोस पहिल्या दिवशी, तेवढाच दुसऱ्या दिवशी. डोळ्यांत लक्षणं असतील तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा. हे प्रमाण डॉक्टरांच्या किंवा सिस्टरच्या हातूनच द्यायचं, घरच्या चमच्यानं मोजायचं नाही. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडानं पुसा. मध, दूध, पाल्याचा रस, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, थोडं थोडं पण वारंवार खायला द्या, जुलाबाला ओआरएस द्या. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. न्यूमोनिया किंवा कान फुटणं असलं तरच त्याचं काम.

ताप गेला, डाग गेले, तरी शरीराची एक हानी उरतेच. पूर्वी झालेले आजार आणि घेतलेल्या लसी लक्षात ठेवणाऱ्या पेशींवरही सीडी-१५० असतं, त्यामुळे त्या मोठ्या संख्येनं मरतात. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्या इतर जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडीज (जंतूंना ओळखून अडवणारी रक्तातली प्रथिनं) ११ ते ७३ टक्क्यांनी घटल्या होत्या. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं हे मूल सारखं आजारी पडू शकतं. "गोवर झाला की अंग कणखर होतं" या समजाच्या नेमकं उलटं घडतं.

लशीचं गणित कडक आहे. एका रुग्णापासून १८ जणांना होणारा आजार थांबवायचा तर सुमारे ९५ टक्के लोकांना खरोखर संरक्षण हवं. नवव्या महिन्याचा डोस १०० पैकी सुमारे ८५ बाळांनाच लागू पडतो, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडीज काहींच्या रक्तात अजून असतात आणि लशीलाच निकामी करतात. वस्तीत ९० टक्के बाळांना पहिला डोस मिळाला तरी संरक्षित होतात साडेशहात्तर. उरलेल्या तेवीस-चोवीस मुलांवर साथ आरामात चालते. १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस पहिल्यात सुटलेल्यांना पकडतो. त्याला "बूस्टर" म्हटलं की आया तो ऐच्छिक समजतात, म्हणून तो शब्द वापरूच नये असं माझं मत आहे. दिवाळीनंतर फडावर गेलेल्या ऊसतोड कुटुंबांत नेमका हा डोस हुकण्याची भीती असते. कार्ड गावी पेटीत, मूल कारखान्याच्या तळावर, आणि गोवराचा हंगामही हिवाळा संपतानाचाच.

लस देताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. ही लस पावडर स्वरूपात येते. त्याच कंपनीचं द्रावण वापरायचं आणि तेही आधीपासून २ ते ८ अंशांवर ठेवलेलं, नाहीतर गरम द्रावणानं जिवंत विषाणू मरतो. व्हायलवर मिसळल्याची वेळ लिहायची, उन्हापासून जपायची आणि चार तासांनंतर उरलेली लस फेकायची. यात जंतू रोखणारं रसायन नसतं, त्यामुळे उशिरा वापरलेल्या व्हायलमध्ये जंतू वाढून बाळ दगावू शकतं. एक मूल आलं तरी दहा डोसची व्हायल उघडावी. वाया जाणारे नऊ डोस परवडतात. लस दिल्यावर पाच ते बारा दिवसांत थोडा ताप किंवा पुरळ आलं तर तो दुसऱ्यांना देण्यासारखा गोवर नसतो.

वस्तीत रुग्ण सापडला आणि तुमच्या मुलाचा डोस राहिला असेल तर संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस घ्या. त्या वेळी विषाणू नुकताच ग्रंथीत पोहोचलेला असतो आणि टोचलेल्या लशीमुळे शरीर लवकर तयार होऊ शकतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, लस न घेतलेली गरोदर बाई, किमोथेरपी चालू असलेलं मूल यांना ही लस देता येत नाही. त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन, द्यायची सोय मोठ्या रुग्णालयांत विचारा.

गोवर होऊन गेलेल्या मुलालाही गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस द्यायचेच. एक तर पुरळ दिसलं म्हणून गोवर म्हटलेला आजार रक्त तपासल्यावर बऱ्याचदा दुसराच निघतो, आणि दुसरं म्हणजे त्याच सुईत रुबेला या पुरळाच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजारापासूनचंही संरक्षण आहे. पुढचे दोन महिने अंगणवाडीत दर पंधरा दिवसांनी वजन करून घ्या. वजन उतरलं तर पुढच्या जुलाबाची वाट न बघता आशाताईंना सांगा.