अवकाश नावाचे रेल्वे स्थानक

गेल्या आठवड्यात माझ्या संगणकाने मुंबईतल्या लोकलच्या स्थानकांची जी यादी करून दिली, तिच्यात चर्चगेट, दादर, मुलुंड यांच्या पंगतीला 'अवकाश'ही येऊन बसले होते. इंटरनेटवरचा मराठी मजकूर वाचून त्याने माहिती स्वतःच वेचावी, या हौसेने मी त्याला पाच-सहा स्थानकांची नावे दिली होती आणि त्या नावांच्या शेजारी वारंवार येणारे शब्द हेरायला लावले होते. 'स्थानकावर' हा शब्द त्याने हेरला आणि अंतराळवीर अवकाश स्थानकावर पोहोचल्याच्या बातम्या वाचून आपला निष्कर्ष काढला. पुढच्या फेरीत 'अवकाशात झेपावले' हा प्रयोग त्याला स्थानकाची खूण वाटला आणि मग 'आकाश'ही स्थानक ठरले.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या चमूने जानेवारी 2010 मध्ये सुरू केलेल्या 'नेल' या, इंटरनेटवरचा मजकूर वाचून स्वतःच शिकणाऱ्या प्रणालीचीही अशीच फसगत झाली होती. इंटरनेटच्या 'कुकीज'ना, म्हणजे संकेतस्थळे आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदींना, तिने भट्टीतला खाऊ मानले आणि कुकीजप्रमाणे फाइलीही 'डिलीट' होतात, म्हणून फाइलींनाही त्याच ताटात वाढले. पहिली चूक एकवेळ परवडते; पण तिलाच गुरू करून पुढचे शिकणे सुरू झाले, की आवरणे कठीण जाते. म्हणून नेलला शब्दांचे शेकडो वर्ग, म्हणजे प्रकार, एकत्र शिकवले जात आणि कोणते वर्ग एकमेकांत मिसळूच शकत नाहीत, हेही आधीच सांगितलेले असे. मीही चंद्र, सूर्य, उपग्रह यांचा वेगळा वर्ग केला, तेव्हा कुठे अवकाश यादीतून उतरले.

मराठीचा पेच मात्र याहून चिवट निघाला, कारण आपल्याकडे विभक्ती लागताच अनेकदा नावाचे मूळ रूपच बदलते. 'ठाण्याला'चे मूळ 'ठाणे', म्हणून 'कुर्ल्याला'चे मूळ त्याने 'कुर्ले' लावले. त्यातून 'ठाण्यात तक्रार नोंदवली' या वाक्यातले ठाणे शहर की पोलिसांचे, हे मलाही मागचा-पुढचा मजकूर वाचल्याशिवाय सांगता आले नसते.

सध्या त्याच्या हिशेबी लोअर परळ आणि दादर यांच्यामध्ये पश्चिम रेल्वेची दोन स्थानके आहेत, एल्फिन्स्टन रोड आणि प्रभादेवी. एल्फिन्स्टन रोडचे नाव 2018 मध्ये बदलून प्रभादेवी झाले, पण जुना मजकूर जागच्या जागी आहे. म्हणून आता प्रत्येक नोंदीपुढे मजकुराचे साल लिहायला त्याला शिकवतो आहे.