वेष्टणाखालचा गंज

उंच डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजांचे दोर, तारा आणि आडव्या काठ्या तपासून ते जहाज समुद्रावर नेण्यायोग्य आहे की नाही, याचा लेखी अभिप्राय देणे हे माझे काम आहे. या कामाविषयी ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भरलेली शिडे आणि मावळतीचे आकाश उभे राहते. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ कमरेला पट्टा बांधून, हातात मोठ्या दाभणासारखा लोखंडी स्पाइक घेऊन, डांबराने काळ्या झालेल्या बोटांनी एकेक गाठ चाचपण्यात जातो. ज्या दिवसाविषयी लिहीत आहे, तो दिवसही तसाच सुरू झाला होता.

जहाज तीन डोलकाठ्यांचे बार्क होते, म्हणजे पुढच्या दोन काठ्यांवर आडवी चौकोनी शिडे आणि शेवटच्या काठीवर उभी, लांबट शिडे. मोसम सुरू व्हायला दहा दिवस उरले होते आणि चाळीस तरुण प्रशिक्षणार्थी येणार होते. त्यांपैकी काही जण आधीच येऊन डेक घासण्याच्या कामाला लागले होते. जहाज देखणे होते. पितळ चकाकत होते, डेकच्या फळ्या धुऊन पांढऱ्या झाल्या होत्या, आणि दोरांवरचे काळे वेष्टण इतके एकसारखे होते की एखाद्या संग्रहालयाने ते छायाचित्रासाठी मागून घ्यावे. कप्तानांनी चहा देताना सांगितले की दुपारपर्यंत माझे काम आटोपेल. मलाही तसेच वाटले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या जाड पोलादी दोरांना श्राउड म्हणतात. त्यांच्यावरच आडव्या पायऱ्या बांधून वर चढण्याची शिडी तयार केलेली असते, त्यामुळे डोलकाठी आणि तिच्यावर चढणारा मुलगा या दोघांचाही भार शेवटी त्यांच्यावरच येतो. खाऱ्या हवेपासून त्यांना वाचवण्याची पद्धत जुनी आहे. आधी दोराच्या पिळातील खाचांमध्ये बारीक दोरी बसवायची, त्यावर पाइनच्या लाकडातून काढलेल्या डांबरात भिजवलेली कॅनव्हासची पट्टी पिळाच्या दिशेनेच गुंडाळायची, आणि सर्वांत वर डांबरी सुतळी उलट दिशेने, खाचेच्या लाकडी मोगरीने आवळत, वेढ्याला वेढा चिकटवून बसवायची. हे काम चांगले झाले तर आतले पोलाद कित्येक दशके कोरडे राहते. मात्र या पद्धतीत एक मोठा तोटा आहे: जे झाकले ते दिसत नाही.

पुढच्या डोलकाठीच्या डाव्या बाजूला, श्राउड ज्या तीन छिद्रांच्या लाकडी ठोकळ्याभोवती वळवून बांधलेले असते, त्याच्या खाली जहाजाच्या कडेचा पांढरा रंग मला किंचित जाड वाटला. नखाने खरवडल्यावर दोन थरांच्या मधे विटकरी रंगाचा एक ओघळ दिसला. मी बोसनना बोलावले. दोर आणि शिडांची सगळी जबाबदारी ज्यांच्यावर असते त्या या बाई त्याच वर्षी जहाजावर रुजू झाल्या होत्या. त्यांनी ओघळ पाहिला आणि आपण दर आठवड्याला तो पुसून घेत होतो, असे शांतपणे सांगितले. आधीच्या लोकांनी ठेवलेल्या नोंदींत तो पितळी खिळ्यांचा डाग असल्याचे लिहिले होते. पितळाचा डाग हिरवट असतो, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि पुढे काही बोललो नाही.

वेष्टण दाबून पाहिले तर ठोकळ्याच्या वरच्या वळणावर ते इतर ठिकाणांपेक्षा टणक आणि थोडे फुगीर लागले. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे अशा फुगवट्याचा अर्थ बहुधा एकच असतो. चाकूने सुतळी कापायची म्हणजे कोणाचे तरी कित्येक तासांचे काम नासवायचे. तरीही मी कापली. वरच्या हातभर भागात तारांवरचा जस्ताचा मुलामा अजून राखाडी दिसत होता. खाली येत गेलो तसा तो तपकिरी झाला, आणि नेमक्या वळणावर बाहेरच्या तारा स्पाइकच्या टोकाने सुक्या काटक्यांसारख्या तुटल्या. खाली डेक घासणारा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वर पाहत होता. त्याच्या खांद्यावर लाल भुकटी पडली तेव्हा त्याने ती झटकली आणि हात उघडून पाहिला.

गंज सापडणे नवे नाही. मला थांबवले ते कॅनव्हासच्या पट्टीने. ही पट्टी खालून वर गुंडाळत न्यायची असते, कारण तसे केले की प्रत्येक वरचा वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि पाणी कौलांवरून उतरावे तसे बाहेरून ओघळून जाते. येथे ती वरून खाली गुंडाळली होती. प्रत्येक वेढ्याचे तोंड आभाळाकडे उघडे होते. वरची सुतळी कितीही सुबक असली तरी ती जलरोधक नसते. आत शिरलेला प्रत्येक पावसाचा थेंब या उलट्या कौलांनी झेलला होता, पिळाच्या वाटेने खाली नेला होता आणि वळणाशी साठवला होता. आठ वर्षांपूर्वी एका गोदीत झालेले हे काम होते. ज्याने ते केले, त्याच्या हाताला सफाई होती, याविषयी शंका नाही. त्याला कृती कोणी तरी दाखवली होती, पण तिच्यामागचे कारण सांगितले नव्हते, असा माझा तर्क आहे.

त्याच दुरुस्तीत बसवलेले आणखी तीन श्राउड उघडले. त्यांपैकी दोन तसेच निघाले.

कप्तानांशी बोलणे अवघड गेले. इंजिनवर जहाज चालवू, मुलांना पुढच्या काठीवर चढू देणार नाही, असे त्यांनी सुचवले. त्यांच्या मागे ठरलेला मोसम होता आणि सहा महिन्यांपासून वाट पाहणारी मुले होती. परंतु जहाज लाटांवर डोलू लागले की शिडे गुंडाळलेली असली तरी डोलकाठीचे वजन दर हेलकाव्याला या दोरांवरच येते. कमकुवत श्राउडची काठी इंजिनवरही कोसळू शकते. मी पामीर आणि मार्केस ही दोन नावे घेतली. १९५७ मध्ये अटलांटिकवरच्या चक्रीवादळात पामीर बुडाले तेव्हा जहाजावरील ८६ जणांपैकी सहाच वाचले, आणि मृतांत बहुतेक तरुण प्रशिक्षणार्थी होते. १९८४ मध्ये उंच जहाजांच्या शर्यतीत बर्म्युडाच्या उत्तरेस मार्केस वाऱ्याच्या एका झोताने आडवे होऊन काही क्षणांत बुडाले आणि १९ जण गेले. या दोन्ही अपघातांचे कारण सडलेले दोर नव्हते, आणि तसे मी म्हटलेही नाही. जहाज शिकाऊ मुलांना घेऊन निघते तेव्हा संशयाचा फायदा जहाजाला द्यायचा नसतो, एवढेच मला सांगायचे होते. १९५६ मध्ये टॉर्बे ते लिस्बन अशी पहिली शर्यत झाली, त्या परंपरेतील शर्यतींत आजही निम्मे खलाशी १५ ते २५ वयाचे असावे लागतात. कप्तानांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि मग कागद पुढे केला. मी ‘समुद्रावर नेण्यास अयोग्य’ असे लिहिले.

संध्याकाळी तोच मुलगा माझ्यापाशी आला. दोर उघडाच ठेवला असता तर गंज पहिल्याच वर्षी दिसला नसता का, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. काही जहाजांवर पोलादी दोर याच कारणाने उघडे ठेवून नुसते तेल-डांबराने माखतात, आणि खरे सांगायचे तर माझा कलही तिकडेच आहे. पण बोसनचे मत निराळे होते. १९२६ चे क्रुझेनश्टर्न असो, १९३६ चे ईगल असो की १९९७ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली तरंगिणी असो, अशा जहाजांवरचे दोर आणि शिडे आयुष्यात अनेकदा बदलावीच लागतात. बदलताना जे हात लागतात, त्यांना हे काम येत नसेल तर पुढच्या वेळी ते करणार कोण, असे त्यांचे म्हणणे होते. आमचा वाद मिटला नाही. त्यांनी मात्र त्याच रात्री ठरवले की नवे पोलादी दोर बाहेरून येतील, पण त्यांच्यावरचे वेष्टण प्रशिक्षणार्थी जहाजावरच करतील.

पाच आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. नवे श्राउड उभे होते, काळे आणि एकसारखे, पहिल्या दिवशी दिसले होते अगदी तसेच. त्यांतील एक मी निवडले आणि हातभर वेष्टण उघडायला सांगितले. ते नेमके त्या मुलाचे काम निघाले. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने स्वतःच चाकू घेऊन सुतळी कापली आणि पट्टीचे टोक उचलून मला दाखवले. वेढे खालून वर चढलेले होते आणि आतले पोलाद कोरडे होते. मी नोंद केली. तो मोगरी आणायला गेला, कारण कापलेला भाग जेवणाच्या घंटेपूर्वी पुन्हा गुंडाळायचा होता.