तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ब्लॅक’ का नाही?

परवा बाणेरला आमच्या बँडचा कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. विशी-बाविशीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, “काका, ‘अलाइव्ह’ झालं, ‘जेरेमी’ झालं, ‘ईव्हन फ्लो’ तर दोनदा झालं. ‘ब्लॅक’ का नाही?” ही सगळी पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडची गाणी, ‘ब्लॅक’ही त्यांचंच. मी ठेवणीतलं उत्तर दिलं, “घसा बसलाय रे.” तो बिचारा बरं म्हणून गेला. मागून आमचा ड्रमर फिसकन हसला. गेली अकरा वर्षं माझा घसा नेमका याच एका गाण्याला बसतो, हे त्याला पाठ झालंय.

तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. ती कोण होती ते सांगणार नाही. आमचं का मोडलं तेही नाही. ज्यांना ते कळायला हवं होतं त्यांना माझ्याआधी कळलं होतं, सांगलीत असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. प्रश्न गाण्याचा आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

घसा हे अलीकडचं उत्तर. त्याआधी बरीच वर्षं माझ्याकडे एक भारदस्त उत्तर होतं आणि ते मी लोकांना ऐकवत असे. पर्ल जॅमचा ‘टेन’ हा अल्बम १९९१ चा. त्यातल्या काही गाण्यांचे व्हिडिओ निघाले, ‘जेरेमी’नं तर बक्षिसांची रास घरी नेली. रेकॉर्ड कंपनीला पुढं ‘ब्लॅक’ हवं होतं: सिंगल म्हणजे त्या एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड, वर व्हिडिओ. बँडनं नाही म्हटलं. त्यांचा गायक एडी व्हेडरचं म्हणणं असं की हे गाणं फार खाजगी आहे, बाजारात नेलं तर तुडवलं जाईल. आणि सिंगल न निघताही ते नुसत्या रेडिओच्या जोरावर बिलबोर्डच्या रॉक यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. मी हे सगळं सांगायचो आणि वर विचारायचो, “ज्याचं गाणं त्यानंच ते बाजारात उभं केलं नाही, ते मी चिकन लॉलीपॉपच्या टेबलांपुढं का गाऊ?” लोक गप्प व्हायचे. मलाही बरं वाटायचं.

हे उत्तर खोटं आहे. माहिती खरी, उत्तर खोटं. बँडनं व्हिडिओ नाकारला होता, गाणं नव्हे. १९९२ च्या मार्चमध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमात कॅमेऱ्यांसमोरच ते वाजवलंय आणि पुढं दौऱ्यांत शेकडो वेळा. शिवाय ‘जेरेमी’ हे टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलानं भर वर्गात स्वतःला गोळी घातली त्यावरचं गाणं, ते मी त्याच टेबलांपुढं दर महिन्याला गातो आणि लोक सोबत ओरडतात. तेव्हा माझं तत्त्व कुठं जातं? त्यामुळं ज्यांना ज्यांना मी ते भाषण दिलंय त्यांची माफी मागतो. निदान ड्रमरची तरी.

खरं कारण मिरजेत आहे.

१९९५ चा मे. तिचा साखरपुडा पुढच्या रविवारी होता. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मुंबईच्या मित्रानं ऱ्हिदम हाऊसमधून ‘टेन’ची कॅसेट आणली होती, ती वाजवून वाजवून घासली होती. त्यावरून मी एक साठ मिनिटांची कॅसेट भरली. ‘ब्लॅक’ आहे पावणेसहा मिनिटांचं, थोडं कमीच. एका बाजूला तीस मिनिटं. म्हणजे पाच वेळा बसतं. मी पाच वेळा भरलं. कव्हरच्या आत पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात शब्द लिहिले, कानांनी ऐकून. व्हेडर शब्द चावून गिळतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना कल्पना येईल. निम्मे चुकीचे होते. गाण्यातल्या मातीच्या जागी मी भलतंच काहीतरी लिहिलं होतं. आणि सिटी बस पकडून मिरजेला गेलो.

दार काकांनी उघडलं. तिचे वडील. रेल्वेत होते. मी त्या घरात आधी दहा-बारा वेळा तरी गेलो असेन, नोट्स द्यायला, न्यायला. प्रत्येक वेळी “अरे, ये रे” असायचं. त्या दिवशी म्हणाले, “या. बसा.” तेवढ्यावरच मी परत फिरायला हवं होतं. दारात तिच्या चपला होत्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मी कॅसेट पुढं केली. म्हटलं, तिला द्याल का? त्यांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली. आत पट्टी थोडी सैल होऊन बाहेर आली होती, बसमध्ये खिशात दबली असणार. पेपरातलं शब्दकोडं अर्धवट सोडून उठले होते, पेन्सिल कानाला होती. ती काढून त्यांनी चाकात घातली आणि सावकाश, एकेक दात मोजत असल्यासारखी पट्टी ताणून घेतली. मग उठून टू-इन-वनमध्ये लावली. मला वाटलं होतं ठेवून देतील, नाहीतर तोंडावर फेकतील. ते लावतील हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

कधी एखादं गाणं असं ऐकलंय का, की जिच्यासाठी भरलं ती भिंतीपलीकडे, आणि समोर तिचा बाप डोळे मिटून? सुरुवातीची ती गिटार. मग त्याचा आवाज. मला एकेक शब्द माहीत होता आणि प्रत्येक शब्द येण्याआधी मी मनात म्हणत होतो, हा नको, हा नको. आतली भांडी थांबली होती. मधेच कुकरची शिट्टी झाली, ती थांबेपर्यंत काकांनी आवाज वाढवला. कमी नाही केला, वाढवला! काकूंनी कोकम सरबत आणून ठेवलं, माझ्याकडे न बघता.

पहिला अंतरा गेला, गाणं जिथं अंधारतं तिथं पोचलं, आणि काकांनी डोळे न उघडता बोट वर केलं. “गंधार उतरला,” म्हणाले. मला कळेना. “षड्ज तोच ठेवलाय. आधी शुद्ध गंधार होता, आता कोमल. म्हणून जड वाटतंय.” मिरजेचा माणूस. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं-बजावणं होतं, तिथं दरवर्षी रात्र-रात्र बसणारा. मी तीन वर्षं ते गाणं उराशी घेऊन हिंडत होतो आणि ते कुठं वळतं हे मला ठाऊक नव्हतं. खरंच तसंच आहे: अंतऱ्यात ई मेजर, म्हणजे ग शुद्ध, पुढं ई मायनर, म्हणजे ग कोमल. आज मी ते कुणालाही गिटारवर दाखवू शकतो. त्या दिवशी ते मला एका रेल्वेच्या माणसानं पहिल्यांदा ऐकता ऐकता सांगितलं.

शेवटचा भाग लांबत लांबत विरला. मी श्वास सोडला. दोन सेकंद खरखर, आणि गिटार पुन्हा सुरू.

“परत तेच?”

“हो.”

“किती वेळा?”

“पाच.”

“आणि दुसऱ्या बाजूला?”

“कोरी आहे.”

त्यांनी बटण दाबलं. कव्हर उघडून पुठ्ठ्यावरचे शब्द वाचले, सगळे, चष्मा वर सरकवून. “अक्षर सुरेख आहे,” म्हणाले. “लिहिलंय कुणी? शब्द?”

“त्यांच्या गायकानं.”

“आणि चाल?”

“गिटारवाल्यानं.”

“मग यात तुमचं काय?”

चिडून नव्हते विचारत. शब्दकोड्यातला आडवा सात विचारावा तसं विचारलं. मी सरबत संपवलं. कॅसेट त्यांनी कव्हरात घालून माझ्या हातात दिली, म्हणाले, “जपून ठेवा, पट्टी चांगली आहे.” आणि फाटकापर्यंत सोडायला आले.

झालं. एवढंच. मारामारी नाही, अपमान नाही. पुढच्या रविवारी साखरपुडा झाला.

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं, तीस वर्षं होऊन गेली. मीही स्वतःला हेच म्हणतो. तिशीत मी ठरवलं होतं की तो माणूस चूक होता. दुसऱ्याचं गाणं उसनं घेऊन आपलं सांगणं यात वाईट काय? आपल्याकडे विरहिणी ज्ञानोबांनी लिहून ठेवल्यात आणि लोक सातशे वर्षं त्या स्वतःच्या म्हणून गातायत. ‘ब्लॅक’चंच बघा. त्यांचा गिटारवाला स्टोन गोसार्डनं सिएटलमध्ये नुसती चाल केली, शब्दांशिवाय, नाव काय तर ‘ई बॅलड’. ती कॅसेटवरून सॅन दिएगोला व्हेडरकडे गेली. त्याच कॅसेटवरच्या दुसऱ्या चालींवर त्यानं आवाज भरून परत पाठवला, त्यावर त्याला सिएटलला बोलावलं आणि बँड उभा राहिला. म्हणजे तिथंही एकाची चाल आणि दुसऱ्याचं दुखणं. हे मला ९५ साली माहीत असतं तर काकांना उत्तर देता आलं असतं, असं मी बरीच वर्षं घोकलं.

पण व्हेडरनं कोऱ्या जागी काहीतरी भरलं होतं. मी कोरी बाजू तशीच नेली होती. आणि का, ते आजवर कुणाला बोललो नव्हतो: मला वाटलं होतं ती त्यात काहीतरी भरून पाठवेल. साखरपुड्याच्या आठवड्यात. वा रे गडी.

गाण्याबद्दलही माझं मत आता जागेवर नाही. त्यात शेवटाकडे तो तिला चांगलं आयुष्य मिळेल म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या तरी आभाळात ती चमकेल म्हणतो. विशीत मला वाटायचं, काय मन आहे! आज ऐकताना वाटतं, ते मोठेपण जेमतेम एका ओळीपुरतं टिकतं, लगेच पुढं ‘मग माझ्या का नाही’ येतंच. ‘अनप्लग्ड’मध्ये तर तो शेवटी आपण दोघं एकमेकांचेच आहोत असं पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, रेकॉर्डवर ते नाही. ते बघून मी मित्राच्या घरी रडलो होतो. आता ऐकताना अंगावर काटा येतो तो रडण्याचा की भिंतीपलीकडे ते ऐकत उभी राहिलेली ती आठवून, सांगता येत नाही. ती ऐकत तरी होती का? चपला होत्या, भांडी थांबली होती. याउपर माझ्याकडे पुरावा नाही.

कोऱ्या बाजूचं कारण सोडलं तर बायकोला हे सगळं लग्नाआधीपासून माहीत आहे. तिचं निदान एका वाक्याचं: “तुला ती आठवतच नाही, तुला तिचे बाबा आठवतात.” मी भांडलो. मग एकदा रात्री खरंच चेहरा आठवून बघितला. पेन्सिल आठवली.

म्हणून नाही गात. तोंड उघडलं की समोर बिअरवाले दिसत नाहीत, एक माणूस डोळे मिटून बसलेला दिसतो आणि तो गंधाराची वाट बघत असतो.

ड्रमरचा प्रस्ताव असा आहे की बेसवाल्यानं गावं, मी नुसती गिटार धरावी. चालेल. मी कधी नाही म्हटलेलं नाही. एकच अडचण आहे आणि ती खरी आहे, घशासारखी नाही: रेकॉर्डवर ते गाणं संपतच नाही, त्याच तीन कॉर्डवर गोल फिरत आवाज कमी कमी होत जातो. स्टेजवर आपल्याला ते कुठंतरी थांबवावं लागतं. कुणी किती फेऱ्यांनंतर हात उचलायचा ते आधी ठरवा आणि मला कळवा.