हातात क्लॅरिनेट नसताना

आमच्या बँडमध्ये मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवतो आणि मान हलवून बाकीच्यांना उचल देतो. मिरजेत अप्पांच्या मागं वरातींत चालताना मी हेच शिकलो. हातानं ताल दाखवत अख्खा ऑर्केस्ट्रा चालवणारा कंडक्टर व्हायचं ठरवल्यावर सगळ्यात अवघड गेलं ते लोकांपुढं रिकाम्या हातानं उभं राहणं.

प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता १९५४ साली मुंबई सोडून व्हिएन्नाला शिकायला गेले. माझी ऐपत पुण्यापर्यंतची. दोन वर्षं दर शनिवारी रेल्वेनं जाऊन एका सरांकडे थिअरी आणि स्कोअर वाचायला शिकलो. स्कोअरमध्ये सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग ५०२ बारचा, म्हणजे तालाच्या ५०२ छोट्या आवर्तनांचा. परतीच्या गाडीत जेजुरीपासून सातारा येईपर्यंत व्हायोलिनची ओळ गुणगुणायची, पुढं कऱ्हाडपर्यंत व्हिओलाची, म्हणजे व्हायोलिनच्या खर्जातल्या थोरल्या भावाची. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला गेलो, तेव्हाही पूर्ण वेळ कंडक्टरचा डावा हातच बघत बसलो.

मग सांगलीत, विश्रामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी माणसं जमवली. व्हायोलिनवाले बहुतेक भजनी मंडळांतले, तारा सा-प-सा-प लावलेल्या, कुणाची पट्टी काळी एक तर कुणाची काळी दोन. त्या सोडवून पाश्चात्त्य पद्धतीनं जी-डी-ए-ई या सुरांत लावण्यात पहिला रविवार गेला. क्लॅरिनेट आमच्याच बँडची पोरं. वाजवायला घेतली तीच बीथोवनची पाचवी. तिची सुरुवात तारांची वाद्यं आणि क्लॅरिनेट मिळून एकाच सुरात करतात, म्हणून मी व्हायोलिनचाच कागद क्लॅरिनेटलाही दिला. तिथं माझं चुकलं. आमचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं, लिहिल्यापेक्षा एक सूर खाली बोलणारं; कागदावरचा जी वाजवला की एफ ऐकू येतो. हॉलभर जी आणि एफ एकमेकांवर घासले. रात्री बसून सगळे कागद एक सूर चढवून पुन्हा लिहिले.

पण खरी परीक्षा पहिल्याच बारमध्ये होती. तो विश्रांतीनं सुरू होतो. माझा हात सम दाखवतो आणि ती सम मोकळीच जाते, तिच्या पाठोपाठ तीन सूर. तबल्याच्या संगतीत वाढलेल्या माणसाला समेवर गप्प बसवत नाही. हात खाली आला की कुणीतरी वाजवायचंच. शेवटी सांगितलं, ‘माझा हात वर जाताना सगळ्यांनी श्वास घ्या. सम माझी, तिच्यावर कुणी वाजवायचं नाही.’ तिसऱ्या रविवारी ते चार सूर एकदम उमटले आणि माझ्या दंडावर काटा आला.

हे शिकून पोट भरत नाही, ते आजही लग्नसराई आणि शाळांच्या बँडवरच चालतं. पण रविवार मी सोडलेला नाही.

सिंफनीच्या त्या पहिल्या भागाच्या उत्तरार्धात एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात आणि ओबो एकटाच काही सूर वाजवतो. ओबो आमच्याकडे कुठला? पण तोही सनईसारखाच दुहेरी पत्तीचा. अप्पांच्या ओळखीतल्या सनईवाल्या काकांना बोलावलं. त्यांना कागद वाचता येत नाही, म्हणून मी गाऊन दाखवलं. ‘अजून एकदा म्हण रे,’ म्हणाले. दुसऱ्यांदा गायलो, तोवर त्यांनी पत्ती ओठांत घेतली होती.

त्या जागी मी हात हवेत धरून ठेवला. काकांनी सूर सावकाश उतरवत आणला, शेवटचा थोडा लांबवला आणि माझ्याकडं पाहिलं. मग मी पुढची सम दिली.