हरलेल्या टीमला कारण कळलं पाहिजे

गेल्या वर्षी नाशिकमधल्याच एका कॉलेजात ब्लॉकचेन हॅकेथॉनला, म्हणजे ठरावीक वेळात प्रोजेक्ट बनवायच्या स्पर्धेला, मी परीक्षक होते. ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी असलेली, मागाहून खोडता न येणारी नोंदवही. निकाल लागल्यावर पार्किंगमध्ये दोन मुली स्कूटीपाशी थांबल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, आमचं नेमकं कुठे कमी पडलं?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या कागदावर दहापैकी सहा, दहापैकी सात एवढंच होतं. ते गुण कशाचे, हे आम्ही तिघा परीक्षकांनी कधी ठरवलंच नव्हतं.

रात्री घरी येऊन मी पहिल्या आलेल्या टीमची रेपो, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन जागा, उघडली. एकच कमिट (कोडमधल्या बदलाची जतन केलेली नोंद), शनिवारी सकाळी सव्वादहाचा, आणि त्यात जवळपास सगळा प्रोजेक्ट. स्पर्धा सुरू झाली होती दहाला. म्हणजे कोड घरून आला होता. पण "कोड इथेच लिहायचा" असं नियमपत्रकात कुठेही नव्हतं, त्यामुळे त्या मुलांना तरी काय बोलणार? मग त्या दोघींची रेपो पाहिली. चाळीसेक कमिट, शेवटचा पहाटे चार वाजून दहा मिनिटांचा.

या वर्षी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा मी एकच अट घातली: नियम मी लिहिणार, आणि ते पंधरा दिवस आधी प्रत्येक टीमच्या हातात पडले पाहिजेत. त्यात तीन रविवार गेले.

पहिला प्रश्न अर्थातच जुन्या कोडचा. कमिटच्या इतिहासावर विसंबून चालत नाही, कारण गिटमध्ये, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कमिटला हवी ती तारीख देता येते. ब्लॉकचेनवर नोंदी ब्लॉकमध्ये, म्हणजे वेळ नोंदलेल्या गठ्ठ्यांत, जातात; त्या ब्लॉकची वेळ मात्र आपल्यापैकी कुणाला बदलता येत नाही. म्हणून यंदा झिप फाइल घेणारच नाही. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, सेपोलिया टेस्टनेटवर (इथेरियम या ब्लॉकचेनच्या सरावाच्या नेटवर्कवर) डिप्लॉय करायचं, म्हणजे चढवायचं, आणि त्याचा पत्ता द्यायचा. तिथे दर १२ सेकंदांनी ब्लॉकची पाळी येते. रविवारी संध्याकाळी पाचनंतरच्या ब्लॉकमध्ये गेलेलं कॉन्ट्रॅक्ट धरलं जाणार नाही. प्रॉक्सी, म्हणजे काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवणारं कॉन्ट्रॅक्ट, वापरून मागाहून लॉजिक बदलता येतं, म्हणून प्रॉक्सीला बंदी.

एवढ्यानेही जुना कोड अडत नाही, कारण तोच कोड त्या दिवशी नव्याने डिप्लॉय करता येतो. त्यासाठी दोन गोष्टी ठेवल्या. शनिवारी दुपारी सगळ्या टीमना एक जादा अट मिळेल, आणि परीक्षणात आमच्यासमोर एक छोटा बदल करून दाखवावा लागेल. कोड ज्याने लिहिलाय त्याला कुठे हात घालायचा ते ठाऊक असतं. ओपनझेपलिनच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, खुशाल वापरा, फक्त काय वापरलं ते लिहा. टोकनचा (ब्लॉकचेनवरच्या नाण्यासारख्या गोष्टीचा) कोड पहिल्यापासून लिहिण्यात कुणाचीही रात्र जाऊ नये.

टेस्ट ईथरचंही तसंच. ईथर हे इथेरियमचं चलन, आणि टेस्टनेटवर डिप्लॉय करायला त्याचं सरावाचं रूप, टेस्ट ईथर, लागतं. काही फॉसेट, म्हणजे ते फुकट वाटणाऱ्या वेबसाइट, तुमच्या वॉलेटमध्ये खरं ईथर असल्याशिवाय टेस्ट ईथर देत नाहीत. ज्या मुलाने कधी ईथर विकत घेतलं नाही, तो तिथेच अडकतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणून आयोजकांनी महिनाभर आधीपासून टेस्ट ईथर साठवायचं आणि प्रत्येक टीमला सारखं वाटायचं. खऱ्या पैशांचं वॉलेट स्पर्धेत आणायचं नाही. प्रायव्हेट की, म्हणजे वॉलेटची गुप्त किल्ली, चुकून गिटहबवर (रेपो ठेवायच्या साइटवर) गेली तर ती कायमची फुटली असं समजायचं, फाइल डिलीट करून भागत नाही.

आता गुण. शंभरातले तीस एका प्रश्नाला: इथे ब्लॉकचेन लागते का? गेल्या वर्षीचा विजेता प्रोजेक्ट द्राक्षाच्या पेटीवरच्या क्यूआर कोडचा होता. दिसायला देखणा. पण माझ्या वडिलांची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. निर्यातीच्या बागांची नोंद अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर पुष्कळ वर्षांपासून होते, पेटीपासून प्लॉटपर्यंत माग काढता येतो, कीटकनाशकांच्या अवशेष तपासणीसाठी नमुना लॅबला जातो. तिथे खरी अडचण नोंद खरी आहे का ही असते. मंगळवारच्या फवारणीची तारीख कुणी सोमवार टाकली, तर चेन ती चूक जशीच्या तशी कायम जपून ठेवेल.

त्या दोघींचा प्रोजेक्ट होता भिशीचा. दहा-बारा बायका, दर महिन्याला वर्गणी, वही एकीच्या घरी, आणि उचल कुणाची यावरून होणारी कुरबुर. एकमेकींवर पूर्ण भरवसा नाही आणि मध्ये बँकही नाही. चेन लागते ती अशा जागी.

आणखी वीस गुण सुरक्षेचे. १७ जून २०१६ ला 'द डाओ' या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख ईथर काढून घेतलं गेलं. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आधी पैसे पाठवले जात होते आणि शिल्लक नंतर कमी होत होती. मधल्या फटीत समोरचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा पुन्हा पैसे मागत राहिलं. शेवटी इथेरियमला फोर्क करावा लागला, म्हणजे साखळीला नवा फाटा फोडावा लागला. भिशीच्या कोडमधलं पैसे काढायचं फंक्शन मी त्या रात्री ओळीओळीने वाचलं. तिथे शिल्लक आधी शून्य होत होती आणि ईथर त्याच्या पुढच्या ओळीत जात होतं. दोन ओळींचा क्रम, पण तोच तर धडा आहे. परीक्षण करताना मी ती फाइल उघडलीच नव्हती.

म्हणून परीक्षकांनाही नियम. प्रत्येक टीमला वीस मिनिटं, त्यातली दहा कोड वाचायला. तिघांनी गुण आपापले लिहायचे, चर्चा त्यानंतर. टीममध्ये ओळखीचं कुणी असेल तर त्या टीमपुरतं उठून जायचं. उरलेल्या पन्नासपैकी तीस गुण प्रोजेक्ट चालतो का याला, दहा वापरायला सोपा आहे का याला आणि दहाच सादरीकरणाला. सादरीकरण मराठीत चालेल, हे ठळक अक्षरात छापलंय. निफाड-सिन्नरकडची मुलं इंग्रजी स्लाइडसमोर गप्प होतात आणि आपण त्यांना येत नाही असं समजतो.

रात्रभर जागणंही काढून टाकलं. दोन दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, दुसऱ्या दिवशी पाचनंतर परीक्षण. होस्टेलची वेळ आणि शेवटची एसटी यामुळे मुलींनी नाव मागे घ्यावं, हे मला मान्य नाही. काहींना त्यात हॅकेथॉनची मजा गेल्यासारखं वाटलं. मी ऐकून घेतलं, पण नियम बदलला नाही.

काल कॉलेज रोडवरून गुणपत्रिका छापून आणल्या. प्रत्येक रकान्याखाली दोन रिकाम्या ओळी आहेत, गुण का कापले ते लिहायला. त्या कोऱ्या ठेवल्या तर ते गुण धरले जाणार नाहीत, आणि निकालाच्या दिवशीच पत्रिकेची प्रत टीमला मिळेल. नोंदणीच्या यादीत भिशीवाल्या दोघींची नावं आहेत. यंदा त्यांच्याबरोबर तिसरी एक मुलगीही आहे.